छोट्या लॅपटॉपला नवी सिस्टीम झेपत नाही?

वाईच्या मावशीकडे २०१० सालचा दहा इंची नेटबुक आहे. भजनी मंडळाचे अभंग आणि भिशीचा हिशेब ती त्यावरच ठेवते. दिवाळीत गेलो, तर तो साडीच्या पिशवीत गुंडाळून कपाटावर टाकलेला. "अरे, दुकानातला मुलगा म्हणाला, याला नवीन काही झेपायचं नाही. आहे ते विंडोज ७ चालू ठेवा, नाहीतर भंगारात द्या." हे दोन्ही सल्ले घरोघरी दिले जातात आणि दोन्ही चुकीचे आहेत. विंडोज ७ला सर्वांसाठीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० पासून मिळत नाहीत, आणि मावशी त्याच मशीनवरून बँकेचं खातं उघडत होती. मला काळजी वाटली ती याची, मशीनच्या वयाची नाही.

नवी सिस्टीम म्हणजे जड सिस्टीम, हा समज मुळात कुठून आला ते समजण्यासारखं आहे. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा आलं आणि साध्या मशीनना ते खरोखर पेललं नाही. त्याच वर्षी आसूसने ईई पीसी काढला: सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी साठवण आणि आत लिनक्स. पाठोपाठ नेटबुकची लाट आली तेव्हा त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टला जुन्या एक्सपीची मुदत वाढवावी लागली. पण पुढचं फारसं कुणी सांगत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्हन सिनोफ्स्की यांनी विंडोज ७ दाखवताना १ जीबी रॅमचा नेटबुकच व्यासपीठावर धरला होता. व्हिस्टानंतरची ही सिस्टीम नेटबुकवर तिच्यापेक्षा बरी चालली. विंडोज १० ची किमान रॅमची अटही विंडोज ७ इतकीच होती: ३२ बिटला १ जीबी, ६४ बिटला २ जीबी. मोठी उडी पडली ती विंडोज ११ ला. तिथे ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते.

"प्रोसेसरच कमजोर, म्हणून हँग होतो" हेही अर्धसत्य. मावशीच्या मशीनमध्ये इंटेलचा ॲटम एन४५० आहे. एकच कोअर, १.६६ गिगाहर्ट्झ. मंद आहे यात शंका नाही, पण टाइप करायला, हिशेबाला तो पुरतो. खरं अडत होतं रॅम आणि हार्ड डिस्कपाशी. १ जीबी रॅम भरली की सिस्टीम उरलेला माल डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. लॅपटॉपची साधी डिस्क मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ९० फेरे. विखुरलेला एकेक तुकडा उचलायचा तर सेकंदाला शंभरही तुकडे तिच्या हाती लागत नाहीत. साधी एसएसडी तेवढ्याच वेळात हजारो तुकडे आणून देते. ती घरघर आणि ते गोल फिरणारं चिन्ह म्हणजे डिस्कची धावपळ असते.

मशीन टॉवेलवर पालथं घातलं. रॅमचं झाकण एका स्क्रूवर होतं. जुनी पट्टी दोन्ही बाजूंच्या चिमट्यांतून सोडवली, २ जीबीची तिरकी घालून खाली दाबली, टक् असा आवाज आला. एन४५० ला २ जीबीहून जास्त रॅम चालतच नाही, तेव्हा यापुढे खर्च करण्यात अर्थ नव्हता. हार्ड डिस्कसाठी मात्र कीबोर्ड उचलावा लागला. तिथे छोटी एसएसडी बसवली. मावशी शेजारी वाटीत स्क्रू सांभाळत बसली होती.

मग विंडोज ११ का नाही घातलं? इंटरनेटवर अटी चुकवून ते बसवण्याच्या युक्त्या भरपूर आहेत, आणि "काहीही करून बसवता येतं" हा त्यातूनच पसरलेला गैरसमज. २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ हा आज्ञासंच असावाच लागतो. एन४५० मध्ये तो नाही. तिथे युक्ती चालत नाही, सिस्टीम सुरूच होत नाही.

याच्या उलटा गैरसमज जास्त महाग पडतो: "कंपनीच्या यादीत आहे म्हणजे मस्त चालेल." सेलेरॉन एन४०२० हा स्वस्त लॅपटॉपमधला प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहे. पण असे बरेच लॅपटॉप ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी साठवणीवर विकले गेले. विंडोज ११ नुसतं सुरू होऊन बसलं तरी २ जीबीच्या वर रॅम धरतं, त्यात ब्राउझरचे पाच-सहा टॅब आले की संपलं. ईएमएमसी बोर्डावरच झाळलेली असते, बदलता येत नाही. मुलाच्या कॉलेजसाठी असा लॅपटॉप घेणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, रॅम आणि साठवण वाढवता येते का ते आधी विचारा. रॅम रिकामी करणारी 'क्लीनर' ॲप्स टाकून काही होत नाही. सिस्टीम मोकळी रॅम स्वतःच कामाला लावते, ती रिकामी केली की तोच माल पुन्हा आणावा लागतो.

मावशीच्या मशीनवर मी डेबियन १३ हे लिनक्स घातलं, हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपसह. ही आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. एन४५० ६४ बिटचा आहे म्हणून हे जमलं. त्याआधीचा एन२७० फक्त ३२ बिटचा, आणि डेबियन १३ ने ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणंच थांबवलं. ६४ बिट म्हणजे दुप्पट वेग असं मुळीच नाही, उलट रॅम थोडी जास्तच लागते. पण पुढचे अपडेट आता तिकडेच मिळतात.

लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणं, ही भीती मात्र पेनड्राइव्हने जाते. पेनड्राइव्हवरून 'लाइव्ह' चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. वायफाय लागतं का, आवाज येतो का, ते आधीच कळतं. काही त्रास राहतातच. पडद्याची उंची ६०० पिक्सेल, त्यामुळे मोठ्या खिडकीचं 'ओके' बटण खाली गडप होतं. ऑल्ट दाबून माउसने खिडकी वर ओढली की दिसतं, हे मावशीला दोनदा दाखवलं. एचडी व्हिडिओ अडखळतो, यूट्यूब ३६०पी वर ठेवावं लागतं. टॅब तीन-चारच. टॅली वापरणाऱ्याला मी हा मार्ग सुचवणार नाही.

"त्यात मराठी येत नाही ना?" हा तिचा शेवटचा प्रश्न. येतं. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आहे आणि ध्वनीनुसार टाइप करायचा कागपही. मावशीला इनस्क्रिप्टच येतं, शिफ्ट धरून एन दाबला की ळ. अडचण निघाली तिच्या जुन्या फाइलींची. त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होत्या, आणि तो फॉन्ट नसला की अभंगाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. ती अडचण विंडोजवरही आली असती. सगळ्या फाइली आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवल्या, मग कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्या. बऱ्याच ठिकाणी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला होता. ते मावशीने दोन दुपारी बसून, एकेक ओवी गुणगुणत, हाताने दुरुस्त केले.