कणकण आली तर घाबरू नका. पण लपवूही नका



२०२१ मध्ये सलग दुसऱ्या वर्षी आपण १४ एप्रिलची जयंती घरातच साजरी केली. मिरवणूक नाही, विहारात गर्दी नाही. उंबऱ्यावर मेणबत्त्या लावल्या, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला, त्रिसरण-पंचशील म्हटले आणि दार लावून घेतले. त्या वर्षी तर त्याच रात्री ८ वाजल्यापासून राज्यभर कडक निर्बंध सुरू झाले. २०२० च्या २१ आणि २२ मार्चला आपल्या जिल्ह्यातल्या माणगाव परिषदेला १०० वर्षे पूर्ण झाली आणि नेमका २२ मार्च २०२० हाच जनता कर्फ्यूचा दिवस ठरला. २६ मे २०२१ ची बुद्धपौर्णिमाही आपल्याला घरातच साजरी करायची होती.

त्या सव्वा वर्षात प्रत्येक घरात एक प्रश्न कधी ना कधी येऊन गेला. जरा घसा धरला, अंग कोमट लागले, की मनात येते, "हे साधंच आहे, का तेच आहे?" या महिन्याचे आरोग्याचे पान या एका प्रश्नासाठी.

गडमुडशिंगीतले कुठलेही एक घर डोळ्यांसमोर आणा. दोन खोल्या, सहा माणसे. नवरा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला. बायको गांधीनगरच्या कापड दुकानात जायची. दुकाने बंद, म्हणून घरी. सासू-सासरे आणि दोन मुले. एका संध्याकाळी तिला कणकण येते, अंग मोडून येते. सासू म्हणते, "उन्हातनं आलीस आन् लगीच गार पाणी प्यालीस, बाधलं असंल." तिलाही तसेच वाटते, आणि तसे वाटत नाहीही. रात्री ती नवऱ्याला हळूच सांगते, "कुणाला सांगू नगासा." कारण सांगितले तर तपासणी आली. तपासणीत काही निघाले तर त्याचे काम थांबले, हजेरी गेली. आणि गल्लीतली माणसे उद्यापासून या दारावरून जाताना पदर नाकाला लावणार.

ही भीती खोटी नाही. पण या भीतीपायी गेलेले तीन-चार दिवसच पुढे महागात पडतात. म्हणून आधी समजून घेऊ, की असे वाटले तर नेमके काय करायचे.

साधे की तेच?

नुसत्या लक्षणांवरून हे कुणालाही सांगता येत नाही. डॉक्टरलाही नाही आणि शेजारच्या आजीलाही नाही. ताप, कोरडा खोकला, घसादुखी, अंगदुखी, थकवा, जुलाब ही लक्षणे साध्या तापातही असतात आणि कोरोनातही. अचानक वास किंवा चव गेली तर संशय वाढतो, पण ती गेली नाही म्हणजे कोरोना नाही, असे नव्हे. त्यामुळे साथ चालू असताना एकच नियम पाळायचा. तपासणी होईपर्यंत प्रत्येक कणकण ही कोरोनाच आहे असे धरून वागायचे. तपासणीत नाही निघाले तर उत्तमच. झटपट होणारी अँटिजेन तपासणी निगेटिव्ह आली आणि लक्षणे तशीच असली, तर आरटीपीसीआर करून घ्यावी.

आता धीर देणारी गोष्ट. या आजारात साधारण १०० पैकी ८० जण रुग्णालयात न जाता बरे होतात. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडे तपासली. झोपडपट्ट्यांत १०० पैकी ५७ जणांना आजार होऊन गेलेला होता. इमारतींत राहणाऱ्यांत हेच प्रमाण १६ होते. वस्तीतल्या त्या माणसांपैकी कितीतरी जणांना आपल्याला काही झाले होते हे ठाऊकही नव्हते. या आकड्याला दोन बाजू आहेत. एक, बहुतेकांना हा आजार सौम्यच होतो. दुसरी, जिथे घराला घर लागून आहे, नळ आणि संडास सामाईक आहेत, तिथे तो वेगाने पसरतो. म्हणजे माझी सौम्य कणकण माझ्यापुरती सौम्य असेल, पण घरातल्या मधुमेह असलेल्या सासऱ्यांसाठी ती सौम्य राहीलच असे नाही.

वहीचे एक पान

कणकण आली की मुलाच्या जुन्या वहीतले एक कोरे पान घ्या आणि त्यावर तारीख लिहा. ज्या दिवशी पहिले लक्षण जाणवले तो पहिला दिवस. ही तारीख फार महत्त्वाची आहे. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात आणि घाबरलेल्या घरात नेमकी हीच आठवत नाही. बऱ्याच रुग्णांना पहिले चार दिवस बरे वाटते आणि आजार वाढायचा असेल तर तो साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान वाढतो. म्हणून "ताप उतरला, आता काय नाही" असे म्हणून पाचव्या दिवशी वही मिटू नका.

रोज सकाळ-संध्याकाळ तीन गोष्टी लिहा: ताप, ऑक्सिजन आणि कसे वाटते ते. ऑक्सिजन मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा. बोटावर नेलपॉलिश किंवा मेंदी नको, हात गार नको. आकडा स्थिर झाला की मगच लिहा. ९४ किंवा त्याहून जास्त असेल आणि दम लागत नसेल, तर आजार सौम्य समजतात. त्यानंतर घरातल्या घरात ६ मिनिटे चालून पुन्हा मोजा. वय ६० च्या पुढे असेल तर ३ मिनिटे पुरे. चालल्यावर आकडा ९४ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा ३ हून अधिक उतरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. या आजारात दम लागण्याआधीच ऑक्सिजन उतरलेला असू शकतो. माणूस बोलत असतो, चहा पीत असतो आणि आकडा मात्र घसरत असतो. म्हणून आकडा पाहायचा.

प्रत्येक घराला ऑक्सिमीटर घेणे परवडणार नाही. पण एका गल्लीने किंवा एका विहाराने वर्गणी काढून एक-दोन घेतले, तर ते साऱ्या वस्तीला पुरतात. दर वेळी सॅनिटायझर लावलेल्या कापसाने पुसून पुढच्या घरी द्यायचे. जयंतीच्या वर्गणीतले काही पैसे शिल्लक असतील, तर त्यांचा याहून चांगला उपयोग सापडणार नाही.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

ऑक्सिजन ९४ च्या खाली, धाप लागणे, छातीत दुखणे किंवा दडपण, ओठ निळसर होणे, माणूस गोंधळून बोलू लागणे किंवा गुंगीत जाणे. यांपैकी एकही दिसले तर १०८ ला फोन करा आणि सीपीआर किंवा जवळच्या रुग्णालयाकडे निघा. गाडी येईपर्यंत रुग्णाला पोटावर झोपवल्याने श्वास घ्यायला मदत होते. मात्र गरोदर बाईला किंवा गंभीर हृदयविकार असलेल्याला असे झोपवू नये, आणि जेवणानंतर तासभर कुणालाच नको. साध्या शंकेसाठी १०४ क्रमांक आहे. आशाताईही आहेत. त्यांना दारातून परत पाठवू नका. त्या नाव लिहून घेतात ते तुम्हाला उचलून नेण्यासाठी नव्हे, तर तुमच्यावर लक्ष ठेवण्यासाठी.

औषधांचा गोंधळ

सौम्य आजाराचे औषध फार नसते. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज, आमटी-भाकरी, अंडी, विश्रांती. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या केल्याने घशाला बरे वाटते. वाफेने चोंदलेले नाक मोकळे होते, पण विषाणू मरत नाही. दिवसातून दोनदा पुरे, आणि उकळते भांडे मुलांपासून लांब ठेवा. काढा प्यायला हरकत नाही, पण काढा प्यालो म्हणून तपासणी टाळू नका.

शेजारच्याला दिलेली चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणू नका. स्टिरॉइडच्या गोळ्या सौम्य आजारात घ्यायच्याच नसतात. डॉक्टरांशिवाय त्या घेतल्या तर साखर वाढते, आणि २०२१ मध्ये ज्याची चर्चा होती त्या काळ्या बुरशीलाही वाट मिळते. रेमडेसिविर घरी घेण्याचे औषध नाही. सौम्य आजारात सिटी स्कॅनही लागत नाही. हे पैसे वाचवा, पुढच्या महिन्याच्या किराण्याला उपयोगी पडतील.

लस घेतल्यावर एक-दोन दिवस कणकण आणि दंड दुखणे नेहमीचे आहे. ताप त्यापुढेही राहिला, किंवा खोकला, दम अशी लक्षणे दिसली, तर मात्र लसीवर ढकलू नका, तपासून घ्या.

अंतर म्हणजे विटाळ नव्हे

आता गल्लीच्या भीतीविषयी. वाळीत टाकणे म्हणजे काय हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते सोसले आहे. म्हणूनच आजारी माणसाच्या घराकडे पाठ फिरवणे आपल्याला तर अजिबातच शोभत नाही. अंतर आणि विटाळ यांतला फरक ओळखा. अंतराला कारण असते आणि मुदत असते. २०२१ मधल्या नियमानुसार पहिल्या लक्षणापासून १० दिवस झाले आणि शेवटचे ३ दिवस ताप नसला, की सौम्य रुग्णाचे घरातले विलगीकरण संपत असे. पुन्हा तपासणीचीही गरज नसे. विटाळाला कारणही नसते आणि मुदतही नसते. अंतर पाळणारा माणूस दारात डबा ठेवून हाक मारतो, "वहिनी, भाकरी ठेवलीया, घ्या." विटाळ पाळणारा हाकही मारत नाही.

पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉक्टर यशवंत यांच्या दवाखान्यात गेल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आज आपल्याजवळ मास्क आहे, साबण आहे, फोन आहे. आपल्याला जीव द्यायला कुणी सांगत नाही. फक्त डबा ठेवायचा आहे आणि हाक मारायची आहे.

दोन खोल्यांच्या घरात एक खोली आजारी माणसाला देता येते. एकच खोली असेल तर खिडकी-दार उघडे ठेवा, सगळ्यांनी मास्क लावा, त्याची भांडी वेगळी ठेवून साबणाने धुवा. सामाईक संडासाला जाताना मास्क लावा आणि कडी, नळ, डबा पुसून घ्या. घरात म्हातारी माणसे असली आणि जागाच नसली, तर साथीच्या काळात ग्रामपंचायतीशी बोलून विलगीकरण केंद्रात जाणे हा कमीपणा नव्हता. घरच्यांवरच्या मायेपोटीच माणूस तिथे जात होता.

मनाची काळजी

"पॉझिटिव्ह" या शब्दाचीच तेव्हा धास्ती बसली होती. तरी सगळे सांगत, पॉझिटिव्ह राहा. सकारात्मक राहणे म्हणजे "मला काही झालेलं नाही" असे घोकणे नव्हे. भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. शरीराला होणारे दुःख हा पहिला बाण. त्यावर आपण जी तगमग, जो शोक करतो तो दुसरा बाण, आणि तो आपणच आपल्याला मारून घेतो. ताप हा पहिला बाण. "आता माझं काय होणार, पोरांचं काय होणार" म्हणून रात्रभर छताकडे पाहत राहणे हा दुसरा. पहिल्यावर औषध आहे. दुसऱ्यावर उपाय हा, की जे कळते ते वहीत लिहायचे आणि जे कळत नाही ते विचारायचे.

बातम्या दिवसातून एकदाच पाहा. मोबाईलवर आलेला निरोप पुढे पाठवण्याआधी आशाताईंना विचारा. सकाळी ठरलेल्या वेळी उठा, अंघोळ करा, वंदना घ्या, दहा मिनिटे श्वासावर लक्ष ठेवून बसा. रोज एका नातेवाइकाला फोन करा. आजाराचे पाच मिनिटे बोला आणि मग दुसरे काहीतरी बोला. काम नाही म्हणून घरातला पुरुष चिडचिड करतो, दारूकडे वळतो. घरात सगळे असले की बाईचे काम दुप्पट होते. भांडी पुरुषाने घासली तर दोघांचेही मन हलके होईल. झोप उडाली, जेवण सुटले, जीव नकोसा वाटू लागला, तर तोही आजारच आहे. त्यालाही डॉक्टर आहेत. तेही लपवू नका.

आता पुन्हा त्या घरात या. रात्री ती म्हणाली होती, "कुणाला सांगू नगासा." तिथे नवऱ्याने एवढेच म्हणावे, "आदी वही आन. कवापास्नं घसा धरलाय, त्ये लिव. सकाळी आशाताईला फोन करू. तवर तू आतल्या खोलीत झोप, पोरं आईपाशी झोपतील." हजेरी बुडेल, खरे आहे. पण दहा दिवसांनी ती खोलीबाहेर येईल तेव्हा घरातली सहाच्या सहा माणसे जेवायला एकत्र बसलेली असतील.

जय भीम!