कॅमेरा कुणाच्या हातात?

गेल्या महिन्यात पिंपरीतील एका बुद्ध विहारात चार-पाच तरुणांशी आमची भेट झाली. सगळे आपल्याच वस्तीतले, चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामगार म्हणून राबणारे. पगारातून पैसे बाजूला काढून त्यांनी एक जुना कॅमेरा घेतला आणि 'आदिवासी आणि निसर्ग' या विषयावर माहितीपट करायला घेतला. सुटीच्या दिवशी मोटारसायकलीवर राजगुरुनगर, वाडा करत भीमाशंकरच्या डोंगरात जायचे, दिवसभर चित्रीकरण करायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला गेटवर हजर व्हायचे. पाठीशी ना निर्माता, ना अनुदान. या जिद्दीला आमचा जय भीम!

त्यांनी वीस मिनिटांचे काम दाखवले. धुके, धबधबा, देवराई, फांदीवरून झेपावणारा शेकरू, चुलीपुढे नाचणीची भाकरी थापणारी म्हातारी आणि शेवटी ढोलाच्या तालावर धरलेला फेर. वर निवेदकाचा आवाज : ही निसर्गाची लेकरे, यांना कशाचीच हाव नाही. चित्रे सुंदर होती. पण वीस मिनिटांत एकही आदिवासी माणूस एक पूर्ण वाक्य बोलला नाही.

आम्ही विचारले, "ही आजी काही बोलली नाही का?" पोरे हसली. एक जण म्हणाला, "बोलली ना सर. म्हणाली, आमचं फोटो नेताय, तर आमचा दाव्याचा कागदबी न्या की प्रांताकडं. पण विषयाशी संबंध नव्हता, म्हणून कापलं."

वाचकहो, जे कापले तोच खरा विषय होता. आजी ज्या दाव्याबद्दल बोलत होती तो वनहक्काचा दावा. संसदेने २००६ साली कायदा करून जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले. कायद्याच्या उद्देशिकेतच लिहिले आहे की या लोकांवर 'ऐतिहासिक अन्याय' झाला. ज्याचा अन्याय संसदेने मान्य केला त्याला आम्ही 'निसर्गाचे लेकरू' म्हणून मोकळे व्हायचे काय? लेकराला हक्क नसतात, त्याचे फक्त लाड होतात. हक्क नागरिकाला असतात. 'वनवासी' म्हणणाऱ्यांनी आदिवासींना झाडाझुडपांच्या रांगेत बसवले ते याच युक्तीने. आपल्या पोरांनी नकळत त्याच रांगेत कॅमेरा लावावा याचे आम्हाला वाईट वाटले.

मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला, "या विहाराच्या नळाला पाणी कुठून येते?"

पिंपरी-चिंचवडची कहाणी आपल्याला कारखान्यांपासून सांगितली जाते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, भोसरी-आकुर्डीला शेड उभ्या राहिल्या. १९७२च्या दुष्काळात मराठवाडा-सोलापूरकडून आपले बाप-आजे इथे आले, गावकीच्या जोखडातून सुटले, पोरांना शिकवले. हा आपला इतिहास आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण कारखाना पाण्यावाचून चालत नाही आणि वस्तीही चालत नाही. मावळातल्या पवना धरणातून सोडलेले पाणी नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तिथून उचलून निगडीला शुद्ध होते आणि आपल्या नळाला येते. २०१९च्या नोव्हेंबरपासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले, तेव्हा आपण हंडे घेऊन बोंब मारली. मारायलाच हवी होती. पण नळाच्या दुसऱ्या टोकाला कोण उभे आहे, हे आपण किती वेळा विचारले?

पवनेचे पाणी थेट बंद नळातून शहरात आणायच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ आंदोलकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि शामराव तुपे हे तिघे ठार झाले. ९ ऑगस्ट हा आपल्याकडे क्रांतिदिन आणि संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ साली ठरवलेला जागतिक आदिवासी दिनही तोच. शहराच्या तहानेचा हिशेब त्या दिवशी रक्ताने लिहिला गेला.

त्या हिशेबातही एक रकाना कोराच राहतो. धरणात जमीन गेली तर ज्याच्या नावावर सातबारा त्याचे नाव निदान यादीत येते. पण खेड-मावळच्या कडेकपारीतल्या ज्या कातकरी-ठाकराच्या नावावर कधी सातबाराच नव्हता, त्याचे काय? खैराच्या झाडापासून कात करणारे ते कातकरी. जंगल सरकारचे झाले आणि त्यांचा धंदाच गुन्हा ठरला. मग उचल घेऊन वीटभट्टीवर जाणे आले. शहराच्या भिंतींतली वीट त्यांच्या हातची आणि शहराच्या नकाशात त्यांचा पाडा नाही. पुणे जिल्ह्यात पाचव्या अनुसूचीचे संरक्षण आहे ते आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतल्या ठरावीक गावांनाच. चाकणचा कारखानी पट्टा ज्या खेड तालुक्यात आहे, त्यातला आदिवासी त्या यादीबाहेर आहे. हे सगळे फेर धरलेल्या चित्रात कसे दिसणार?

निसर्ग म्हटला की सगळे निरागस, असेही नाही. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. शेकरूला घर मिळाले याचा आनंदच आहे. पण त्याच रानात सरपण, हिरडा, चराई यांवर जगणाऱ्या महादेव कोळ्याला आपल्याच रानात परवानगी मागावी लागली. पुढे अभयारण्यालगतच्या खेडच्या डोंगरांवर पवनचक्क्या आल्या. वीज स्वच्छ, पात्यांचे चित्र देखणे! पण २०११च्या गाडगीळ समितीच्या अहवालाने त्या प्रकरणातली वृक्षतोड आणि स्थानिकांचा अडवलेला वावर यांची दखल घेतली. 'पर्यावरण' या शब्दाआडही माणूस हाकलला जातो. कॅमेऱ्याने हे दाखवायचे नाही तर कुणी दाखवायचे?

कॅमेरे डोंगरात येत नाहीत असे नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण या आदिवासी गावावर डोंगर कोसळला, १५१ माणसे गेली. गाव जागेवर नाही हे आधी एस.टी.च्या चालकाच्या लक्षात आले, मग देशभरातले कॅमेरे धावले. ढिगारे दिसले, अश्रू दिसले. पावसाळा सरला आणि कॅमेरे परतले. आदिवासी एकतर नाचताना दिसतो नाहीतर मेलेला दिसतो. मधले सगळे जगणे, भांडणे, अर्ज करणे, जिंकणे-हरणे पडद्याबाहेर राहते.

हे आपल्याला नवे आहे काय? आपल्याबद्दलही इतरांनीच लिहिले. कुणी कीव केली, कुणी उपदेश केला. म्हणून तर बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला. म्हणून भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे उभे केले आणि गावोगाव आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगितली. ज्यांनी आपला आवाज दुसऱ्याच्या हाती ठेवायला नकार दिला, त्यांनीच आदिवासींच्या तोंडातले वाक्य 'विषयाशी संबंध नाही' म्हणून कापायचे?

चांगल्या हेतूनेही ही चूक होते. उत्तर प्रदेशातील 'खबर लहरिया'च्या दलित महिला पत्रकारांवरचा 'रायटिंग विथ फायर' हा २०२१चा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. मार्च २०२२मध्ये त्याच पत्रकारांच्या संस्थेने जाहीरपणे सांगितले, की पडद्यावरचे आमचे चित्र अपुरे आहे, आम्ही एकाच पक्षाच्या मागे लागलो आहोत असे त्यातून भासते. मुदुमलाईच्या जंगलातील कट्टुनायकन आदिवासी जोडपे आणि हत्तीची पिल्ले यांच्यावरच्या 'द एलिफंट व्हिस्परर्स'ला २०२३ साली ऑस्कर मिळाले. त्याच वर्षी पैशांवरून ते जोडपे आणि चित्रपटकर्ते यांच्यात वाद झाला. चित्रपटकर्त्यांनी आरोप नाकारले. खरे-खोटे आम्ही ठरवत नाही. पण शब्द आधीच कागदावर आलेला बरा, एवढे त्यातून नक्की कळते.

दुसरी वाटही आहे. झारखंडचे बिजू टोप्पो स्वतः उरांव आदिवासी. मेघनाथ यांच्यासोबत 'अखडा' या गटातून त्यांनी कॅमेरा हाती घेतला. २००३चा त्यांचा 'विकास बंदूक की नाल से' प्रकल्पांविरुद्ध उभ्या राहिलेल्या आदिवासींवरच्या गोळीबारांविषयी बोलतो. तिथे आदिवासी नुसता दिसत नाही, तो सवाल करतो. आनंद पटवर्धनांनी रमाबाई नगरच्या १९९७च्या गोळीबारापासून सुरुवात करून 'जय भीम कॉम्रेड'ला चौदा वर्षे दिली. २००४ साली मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवात अडचणीचे चित्रपट डावलले गेले, तेव्हा चित्रपटकर्त्यांनी 'विकल्प' नावाने आपला वेगळा महोत्सव भरवला. स्वतंत्र माहितीपट म्हणजे नुसता कमी पैशांतला माहितीपट नव्हे. कुणाच्या बाजूने बोलायचे हे ज्याने स्वतः ठरवले, तो स्वतंत्र.

म्हणून पोरांना आम्ही काही गोष्टी सुचवल्या. पहिले चित्र धबधब्याचे नको, आपल्या वस्तीतल्या नळाचे घ्या. तिथून रावेत, रावेतहून धरण आणि धरणावरून वरचा पाडा असे पाण्याच्या उलट दिशेने चढत जा. मग आपण तिथे पाहुणे म्हणून नाही, त्या पाण्याचे वाटेकरी म्हणून पोहोचू. पाड्यातल्या दोन पोरा-पोरींना कॅमेरा चालवायला शिकवा. आज मोबाईलवरही चित्रीकरण होते. निवेदकाचा आवाज काढून टाका, त्यांच्या बोलीत त्यांना बोलू द्या. काय ठेवायचे, काय कापायचे हे गावासोबत बसून ठरवा आणि पहिला खेळ पुण्या-मुंबईच्या सभागृहात नको, पाड्यावर चादर लावून करा. पैशासाठी पावतीपुस्तक छापा. वर्गणीवर चळवळ चालते तर माहितीपटही चालेल. जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लावा. आणि बक्षीस मिळाले तर त्यात पाड्याचा वाटा किती, ते आजच लिहून ठेवा.

पोरे गप्प झाली. एकाने विचारले, "सर, मग आत्तापर्यंतचं सगळं फुकट गेलं का?"

नाही रे बाबा, फुकट काहीच गेले नाही. आजीचे ते वाक्य तुमच्याकडे चित्रित झालेले आहे ना? ते परत जोडा. त्याच वाक्यापासून तुमचा माहितीपट सुरू होतो. आणि तिने सांगितलेला कागद पुढच्या सुटीला खरोखरच प्रांत कार्यालयात घेऊन जा, कॅमेऱ्यासकट! आतापर्यंत डोंगरात येऊन सगळे काही ना काही घेऊनच गेले. पाणी नेले, लाकूड नेले, चित्रेही नेली. भीमाच्या लेकरांनी तरी तिचा कागद पोहोचवला, असे त्या पाड्याला एकदा म्हणता आले पाहिजे.

गेल्या रविवारी पोरे पुन्हा वाड्याच्या रस्त्याला लागली. या वेळी मोटारसायकलीवर कॅमेऱ्यासोबत वनहक्क दाव्याचे कोरे अर्जही होते.