मधुमेह, भूक आणि वजन : व्यायामाचे नेमके काम कोणते?

"डॉक्टरसाहेब, दिवसभर बांधीत राबतो, अंगावर मांस नाही, मग शुगर आली कुठून?" आणि "महिनाभर फिरतो आहे, किलोभरही वजन उतरले नाही, मग फिरून उपयोग काय?" लाखांदूरला माझ्या दवाखान्यात हे दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. दोन्ही प्रश्नांमागे एकच समजूत आहे. मधुमेह हा लठ्ठ माणसांचा रोग आणि व्यायाम म्हणजे वजन उतरविण्याचा उपाय, अशी ती समजूत. ती अर्धीच खरी आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात सापडते. २००४ साली त्यांनी व लंडनच्या डॉ. युडकिन यांनी स्वतःच्याच शरीराची तुलना 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबी सुमारे ९ टक्के, तर डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के निघाली. आपण भारतीय वरून सडपातळ दिसतो, पण आपल्यात स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त असते. म्हणून काट्यावरच्या आकड्याइतकेच कंबरेचे मापही महत्त्वाचे आहे. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

आता व्यायामाकडे वळू. भात असो की पोळी, पोटात गेल्यावर तिची साखर होऊन रक्तात उतरते. ती साखर वापरणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. एरवी स्नायूंना साखर आत घेण्यासाठी इन्सुलिन लागते आणि मधुमेहात नेमके तेच अपुरे पडते किंवा नीट लागू होत नाही. परंतु स्नायू हालचाल करू लागले की ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. शिवाय व्यायाम थांबल्यावरही सुमारे एक ते दोन दिवस इन्सुलिन अधिक चांगले काम करते. म्हणूनच व्यायामात सलग दोन दिवसांचा खाडा पडू देऊ नये. आठवडाभर बसून रविवारी दहा किलोमीटर चालण्याने हे साधत नाही.

हा फायदा मिळण्यासाठी वजन उतरलेच पाहिजे असे नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी साखर वाढू लागलेल्या, पण अजून मधुमेह न झालेल्या ५३१ जणांवर तीन वर्षे अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना विशेष सल्ला दिला नव्हता त्यांच्यापैकी शंभरात ५५ जणांना मधुमेह झाला. आहार व व्यायामाचा सल्ला पाळणाऱ्यांत हे प्रमाण ३९ वर आले. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरले नव्हते.

मग वजनाचे काय? हिशेब सरळ आहे. अर्धा तास झपझप चालल्याने साधारण १०० ते १५० कॅलरी खर्च होतात. परतताना हॉटेलात एक आलूबोंडा व गोड चहा घेतला की ती मिळकत तिथेच संपते. वजन उतरते ते मुख्यतः ताटावर लक्ष ठेवल्याने. भाताचा एक वाढा कमी करून त्या जागी वरण, उसळ, भाजी वाढवावी. उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्याचे काम मात्र व्यायाम उत्तम करतो.

"चाललो तर भूक जास्त लागेल," अशी भीती काहींना वाटते. डॉ. जाँ मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली बंगालमधील एका ज्यूट गिरणीतील लोकांचा आहार मोजला होता. अंगमेहनतीची कामे करणारे कष्टाच्या प्रमाणात खात होते. परंतु दिवसभर बसून असणारे हलकी कामे करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि त्यांचे वजनही जास्त होते. शरीर अगदी स्वस्थ बसले की भुकेचा अंदाजच चुकतो. थोडी रोजची हालचाल तो ताळ्यावर आणते.

मधुमेह्याने आणखी दोन प्रकारची भूक ओळखावी. साखर फार वाढलेली असताना खाऊनही भूक शमत नाही, तहान लागते, लघवी वारंवार होते. ही भूक उपचार सुधारल्यावर जाते. दुसरी अचानक लागणारी भूक असते. तिच्यासोबत घाम, थरथर, छातीत धडधड होते. ही साखर उतरल्याची खूण आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत ती दिसते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून ताबडतोब घ्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी. फिरायला किंवा शेतावर जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावीच.

शेतकरी बंधूंसाठी एक गोष्ट विशेष सांगायची आहे. रोवणीच्या दिवसांत कष्ट भरपूर होतात आणि साखर उतरते. पण आता नांगरणी ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने होते, गावाला मोटारसायकल जाते. वर्षातले बरेच महिने बसूनच जातात. माझ्याकडील एका गृहस्थांनी श्रावणात साखर चांगली आली म्हणून गोळ्या आपणहून बंद केल्या. धान घरात येईपर्यंत साखर चारशेवर गेली होती आणि पायाच्या जखमेपायी एक बोट गमवावे लागले. व्यायामाने गोळ्या कमी होऊ शकतात, पण त्या तपासणी करून डॉक्टरने कमी करायच्या असतात.

किती व कसा व्यायाम करावा?

आठवड्यात एकूण १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, झपझप चालावे. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग हवा. सलग जमत नसेल तर प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. जेवणानंतरची साखर त्याने चांगली आटोक्यात राहते. घरकामात अडकलेल्या भगिनींना अंगणात किंवा गच्चीवरही हे करता येते. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड काढणे असे ताकदीचे व्यायाम करावेत. गुडघे दुखत असतील तर सायकल बरी. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत फिरणे उरकावे. वडसा किंवा पवनी रस्त्याने अंधारात फिरणाऱ्यांनी समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे.

हे टाळा

अनवाणी चालू नये. रोज रात्री तळपाय पाहावेत, चिखलात काम करणाऱ्यांनी तर नक्कीच. पायाला जखम असेल, साखर ३०० च्या वर असेल, ताप किंवा उलट्या असतील तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी. चालताना छातीत दुखले किंवा दम कोंडला तर थांबून लगेच डॉक्टरकडे जावे. डोळ्यांच्या पडद्यावर दोष असणाऱ्यांनी जड वजन उचलू नये.

तीन महिने नियमाने चालून मग एचबीए१सी ही तपासणी करून घ्यावी. मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी तीत कळते. वजनकाटा जागचा हलला नसला, तरी चालण्याचे फळ तिथे दिसू शकते.