‘दिसणे’ की ‘पाहणे’? इंग्रजी क्रियापदांची निवड

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाचे जंगल १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. येथे सफारीला निघालेल्या पर्यटकांच्या जिप्सीत स्थानिक मार्गदर्शक असतो. आसपासच्या गावांतील या तरुण-तरुणींना जंगल पाठ असते. परदेशी पाहुण्यांशी बोलताना मात्र जीभ अडखळते ती क्रियापदांपाशी. ‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’ या तिन्हींपुढे शब्दकोशात ‘पाहणे’ हाच अर्थ आढळतो. मग कोणते क्रियापद कोठे वापरावे?

उत्तर बरेचसे मराठीतच आहे. ‘मला वाघ दिसला’ या वाक्यात बोलणाऱ्याने मुद्दाम काही केलेले नाही. वाघ नजरेस पडला. तेथे ‘सी’ योग्य : ‘आय सॉ अ टायगर’. नजर हेतुपुरस्सर वळवायची असेल तर ‘लुक’, आणि कशाकडे ते सांगताना त्यापुढे ‘ॲट’. वाटेवरील पाऊलखुणा दाखवताना ‘लुक ॲट द पगमार्क्स’ म्हणावे. पाणवठ्यावर उतरणारी वाघीण पुढे काय करते, याकडे लक्ष ठेवून पाहणे म्हणजे ‘वॉच’. पाऊलखुणा हलत नाहीत; म्हणून त्यांना ‘वॉच’ लागू पडत नाही.

एका ठिकाणी मात्र मराठीचा आधार फसवा ठरतो. ‘मला वाघ दिसतो आहे’ याचे भाषांतर ‘आय ॲम सीइंग’ असे केले जाते. नजरेस पडण्याच्या अर्थाने ‘सी’चे हे चालू काळातील रूप इंग्रजीत सहसा वापरत नाहीत. तेथे ‘आय कॅन सी अ टायगर’ असेच म्हणतात.

डोळ्यांचा हा नियम कानांनाही लागू आहे. ‘ऐकू येणे’ म्हणजे ‘हिअर’ आणि ‘कान देऊन ऐकणे’ म्हणजे ‘लिसन’. चितळाने किंवा वानराने धोक्याची हाक दिली, की वाघ जवळपास असल्याचा तो संकेत असू शकतो. त्या क्षणी गाडीतील कुजबूज थांबायला हवी. ‘ऐका’ या अर्थाने मार्गदर्शक ‘हिअर, हिअर’ म्हणाला, तर उच्चार सारखाच असल्याने पाहुण्यास ‘इकडे, इकडे’ असे वाटते आणि तो भलतीकडेच पाहू लागतो. ‘लिसन’ म्हटले की सारे कान टवकारतात. हाक विरल्यावर ‘आय हर्ड अ कॉल’ असे सांगता येते. क्रियापद चुकल्याने पर्यटकाचा तो क्षण हुकतो आणि मार्गदर्शकाचा आत्मविश्वासही डळमळतो.

चंद्रपूरचे विभाजन होऊन १९८२ साली निर्माण झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात हा प्रश्न आणखी बिकट आहे. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविण्यास आरंभ झाला. परंतु घरी गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाची मातृभाषा द्राविडी कुळातील. त्याला इंग्रजीचा अर्थ मराठीतून सांगितला, तर दोन परक्या भाषांचा उंबरठा एकाच वेळी ओलांडावा लागतो. अशा वर्गात शब्दार्थांच्या याद्या घोकून घेण्यापेक्षा प्रसंग उभा करणे हिताचे. खिडकीबाहेर पक्षी अचानक दिसला, त्याच्याकडे वळून पाहिले, तो घरटे बांधताना न्याहाळला : तीन प्रसंग, तीन क्रियापदे. प्रत्येक प्रसंगाला मुलाने प्रथम आपल्या भाषेतील शब्द सांगावा, मग इंग्रजी शब्द यावा.

क्रियापद निवडण्यापूर्वी एकच प्रश्न पुरतो : हे आपोआप घडले की मुद्दाम केले?