सेनापतीच्या शेजारचा शिपाई

विमान डोक्यावरून गेलें कीं आपण माना वर करून पाहतों आणि तें चालविणाऱ्या वैमानिकाचें कौतुक करतों. तें योग्यच आहे. परंतु त्या विमानाचें एंजिन ज्यानें रात्रीं जागून दुरुस्त केलें, ज्यानें त्यांत तेल भरलें, ज्यानें बिनतारी यंत्र तपासलें आणि ज्यानें या सर्वांसाठीं स्वयंपाक रांधला, तीं माणसें आपल्या दृष्टीस पडत नाहींत. सैन्यांत सामान्यतः दोन वर्ग असतात. एक, कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांचा. दुसरा, साधा सैनिक म्हणून नांव नोंदवून पायरीपायरीनें वर चढणाऱ्यांचा. अमेरिकेच्या हवाई दलांत दर पांच माणसांपैकीं सुमारें चार या दुसऱ्या वर्गांतील असतात. या वर्गाच्या शिरोभागीं असणाऱ्या हुद्देदाराविषयीं प्रस्तुत लेखांत थोडी माहिती देण्याचा विचार आहे.

त्याच्या हुद्द्याचें नांव लांबलचक आहे: 'चीफ मास्टर सार्जंट ऑफ द एअर फोर्स'. सैनिकवर्गांत वेतनाच्या नऊ पायऱ्या आहेत. नवव्या पायरीवर चीफ मास्टर सार्जंट पुष्कळ असतात. परंतु साऱ्या हवाई दलाचा म्हणून हा हुद्दा एका वेळीं एकाच व्यक्तीला मिळतो. तिची निवड हवाई दलाचे मुख्य सेनापति करतात.

हें ऐकून कोणी म्हणेल, हा माणूस फार मोठा हुकूम चालवीत असला पाहिजे. वस्तुस्थिति उलट आहे. त्याच्या हाताखालीं लढणारें एकहि पथक नसतें. कालच कमिशन मिळालेला पोरसवदा लेफ्टनंट समोर आला, तरी प्रथम सलाम यानेंच करावयाचा. मग त्याचें काम तरी कोणतें? त्याचें काम सल्ला देण्याचें. सैनिकांचें शिक्षण, बढती, पगार, राहण्याची सोय, त्यांच्या बायकामुलांच्या अडचणी, यांविषयीं खरी स्थिति काय आहे, हें तो सेनापतीला सांगतो. त्यासाठीं तो देशोदेशींच्या विमानतळांवर जातो आणि कारखान्यांत, बराकींत व भोजनगृहांत सैनिकांजवळ बसतो. अमेरिकेच्या काँग्रेसच्या समित्यांपुढें साक्षहि देतो. उलटपक्षीं, वरून आलेला निर्णय कां घेतला गेला, हें सैनिकांना त्यांच्या भाषेंत समजावून देणें हेंहि त्याच्याकडेच असतें.

अशा हुद्द्याची गरज कां भासावी? सैन्यांतील गाऱ्हाणें एकेक पायरी चढूनच वर जातें. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपल्या वरिष्ठाची नाराजी नको असते. म्हणून तो त्यांतील कडू भाग थोडा कमी करतो. शेवटीं सेनापतीच्या कानीं पडतें तें इतकेंच कीं, सर्व कांहीं ठीक आहे! बराकींतील माणूस मात्र थंडीनें कुडकुडतच असतो.

अमेरिकेच्या मरीन सैन्यानें १९५७ सालीं व भूसेनेनें १९६६ सालीं असे हुद्दे निर्माण केले. हवाई दलांतील कित्येक वरिष्ठांना मात्र शंका होती. एक शिपाई सरळ सेनापतीशीं बोलूं लागला, तर मधल्या अधिकाऱ्यांचा मान राहणार कसा? ही शंका अगदींच पोकळ नव्हती. तरीहि २४ ऑक्टोबर १९६६ रोजीं जनरल जॉन मॅकॉनेल यांनीं हा हुद्दा निर्माण केल्याचें जाहीर केलें आणि ३ एप्रिल १९६७ रोजीं पॉल एअरी यांनीं तो प्रथम धारण केला.

या एअरी यांचें पूर्वचरित्र ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ते १९४२ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, सैन्यांत दाखल झाले. बी-२४ जातीच्या बाँबफेकी विमानांत बिनतारी यंत्र व बंदूक सांभाळणें हें त्यांचें काम होतें. जुलै १९४४ मध्यें त्यांच्या अठ्ठाविसाव्या मोहिमेंत व्हिएन्नाजवळ तें विमान पाडलें गेलें आणि ते जर्मनांच्या कैदेंत पडले. पुढें कैद्यांना सुमारें नव्वद दिवस पायीं चालविण्यांत आलें. अशा हालांतहि आपल्या सोबत्यांच्या अन्नवस्त्रादि गरजा भागविण्यासाठीं ते झटत राहिले. मे १९४५ मध्यें त्यांची सुटका झाली. ज्यानें भुकेल्या सोबत्यांची काळजी स्वतः भुकेला असतां वाहिली, तो माणूस सेनापतीच्या शेजारीं जाऊन बसला!

बढतीचा प्रश्न त्या वेळीं फार जिव्हाळ्याचा होता. आपल्याला बढती कां मिळाली नाहीं, हें सैनिकाला नीटसें कळत नसे. मग वशिल्याचा संशय येई आणि मन विटे. ही स्थिति सुधारण्याच्या कामीं एअरी यांचा मोठा हात होता. १९७० सालीं नवी पद्धति सुरू झाली. परीक्षेंतील गुण, नोकरीचीं वर्षें, मिळालेलीं पदकें आणि वरिष्ठांचा अभिप्राय यांस ठराविक गुण देऊन त्यांची बेरीज करूं लागले आणि ती सैनिकाला कळूं लागली. कोठें कमी पडलों, हें कळलें कीं माणूस रागावण्याऐवजीं अभ्यासाला लागतो. हें आम्हां शिक्षकांना निराळें सांगावयास नको.

पुढें या जागीं आलेल्यांपैकीं आणखी दोन नांवें सांगितलीं पाहिजेत. अमेरिकेच्या सैन्यांतील वर्णभेद बंद करण्याचा हुकूम १९४८ सालीं निघाला. त्याच्या पुढच्याच वर्षीं सैन्यांत आलेले थॉमस बार्न्झ हे कृष्णवर्णी गृहस्थ १९७३ सालीं या हुद्द्यावर चढले. अमेरिकेच्या कोणत्याहि सेनेंत हा मान मिळविणारे ते पहिलेच कृष्णवर्णी. २०२० सालीं जोॲन बास या बाईंना हा हुद्दा मिळाला आणि स्त्रियांसाठींहि तें दार उघडलें.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. सेनापतीला रुचेल तेंच सांगितलें, तर हा हुद्देदार निरुपयोगी. सैनिकांना रुचेल तेंच बोलला, तर तो घातक. दोहोंकडे एकच सत्य सांगावयाचें, आणि तें विनयानें सांगावयाचें, यांतच त्याची कसोटी आहे. हुकुमाची सत्ता हातीं नसल्यामुळें विश्वास हेंच त्याचें सारें भांडवल.

पवित्र शास्त्रांतील नामानाची गोष्ट आपणांस ठाऊक आहेच. तो अरामाचा थोर सेनापति, पण कुष्ठरोगी. रोगावरचा उपाय प्रथम सुचला तो त्याच्या घरच्या एका बंदिवान मुलीला. पुढें तो रागावून परत निघाला, तेव्हां त्याच्या चाकरांनींच त्याची समजूत घातली, म्हणून तो यार्देनेंत उतरला व शुद्ध झाला. चाकरांनीं बोलण्याचें धैर्य केलें, हें तर खरेंच. पण सेनापतीनें ऐकलें, हें तितकेंच महत्त्वाचें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी वर्गाचा मॉनिटर असेल. शिक्षकांना खुष ठेवण्यासाठीं सोबत्यांचें दुःख लपवूं नका आणि सोबत्यांत वाहवा मिळविण्यासाठीं शिक्षकांचा शब्द वांकवूं नका. आणि पालकहो, आपल्या घरांतील सर्वांत लहानाचें म्हणणें आपल्यापर्यंत पोंचतें कीं वाटेंतच विरतें, याचा विचार आपण व आम्ही शिक्षक, सर्वांनींच करावा.