गाडीची खरी किंमत

जालना एमआयडीसीतल्या पोलाद कारखान्यात राबणाऱ्या कुटुंबाने गाडी घेताना शोरूमच्या नव्हे, ‘ऑन-रोड’ किमतीची तुलना करावी. शोरूमच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो. त्यावर रस्ता कर, नोंदणी आणि विमा चढतो. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11, तर डिझेल गाडीला 13 टक्के रस्ता कर लागतो. म्हणून रोजची धाव कमी असेल तर डिझेलचा जादा खर्च सहसा वसूल होत नाही.

जालना आणि छत्रपती संभाजीनगर, दोन्हीकडून लेखी कोटेशन घ्यावे. ‘हँडलिंग चार्जेस’ हा सरकारी आकार नाही. तो काढायला सांगावा. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याचे बंधन नाही.

सर्वांत मोठी गळती कर्जात होते. आठ लाखांच्या कर्जावर 9 टक्के दराने पाच वर्षांत सुमारे 1.96 लाख व्याज जाते, सात वर्षांत 2.81 लाख. हप्ता हलका होतो, पण गाडी सुमारे 85 हजारांनी महागते.

जुनी गाडी घेताना आरसीवरचा चेसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि बँकेचा बोजा उतरला आहे का, याची खात्री करावी. ही पडताळणी होईपर्यंत इसार देऊ नये.