लेकरू कुणाकडे? (भाग 7) : ताबा आईचा, सही कुणाची?

आज भेटीच्या वेळापत्रकावर लिहायचे कबूल केले होते. ते पुढच्या रविवारी. मध्येच सोलापुरातल्या विजापूर रोडवरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आणि माझा जुना लाडका विषय हाती लागला.

त्यांचा घटस्फोट परस्परसंमतीने झाला. मुलगा नऊ वर्षांचा, हुकूमनाम्याने त्यांच्याकडे. वडील दर दुसऱ्या रविवारी येऊन भेटतात, कुरबूर काही नाही. पण शाळा बदलायला गेल्या तर 'वडिलांची सही आणा'. पासपोर्टला गेल्या तर एजंटाचेही तेच. "ताबा माझा, मग सही त्यांची कशाला?" असा त्यांचा रोकडा सवाल.

ताब्यात लेकरू कुणाच्या घरी राहील, त्याचे रोजचे कोण बघेल, एवढे ठरते. त्याच्या वतीने कागदावर कोण बोलेल, हे पालकत्वात येते. 1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम 6 पाच वर्षांखालचे मूल सहसा आईकडेच ठेवते, पण तेच कलम नैसर्गिक पालक म्हणून आधी बापाला बसवते आणि आईला त्याच्यानंतर. सगळी गोची इथे आहे.

1984मध्ये लेखिका गीता हरिहरन मुलाच्या नावाने रिलीफ बॉण्ड घ्यायला गेल्या. नवरा-बायकोत वाद नव्हता. पालक म्हणून आईने सही करायची, हे दोघांनी मिळून ठरवलेले. रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठवला : वडिलांची सही आणा. गंमत म्हणजे, मुलांची ठेवखाती आईला पालक धरून उघडू द्या, असे याच बँकेने 1976मध्ये इतर बँकांना कळवले होते! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सोबत पर्यावरणवादी वंदना शिवा यांची याचिका होती, ती मात्र ताब्याच्या भांडणातली. 17 फेब्रुवारी 1999ला निकाल लागला : बाप हयात असला, पण मुलाकडे बघत नसेल किंवा कारभार त्याने आईवर सोपवला असेल, तर आईच नैसर्गिक पालक.

या निकालाचे कौतुक सगळे करतात. मला मात्र त्याआधीचा विदर्भातला खटला जास्त जवळचा वाटतो. जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान. आईबाप वीस वर्षांहून जास्त काळ वेगळे, मुलगी आईजवळ, तिच्या जमिनीचा व्यवहार आईच बघायची. बाप जिवंत असताना आईने कुळाशी केलेला व्यवहार चालतो का, असा मुद्दा निघाला. सर्वोच्च न्यायालयाने 1970मध्येच 'चालतो' म्हटले. पहिली वाट पाडली ती कुळवहिवाटीच्या तंट्याने.

पण काउंटरवरच्या माणसाला निकाल ठाऊक नसतात, त्याला छापील रकाना दिसतो. पासपोर्टचे तरी सोपे आहे. दोघांची संमती असेल तर परिशिष्ट डी, एकाच पालकाची सही असेल तर परिशिष्ट सी. एजंटाने हे सांगितले नाही, एवढेच. शाळेसाठी हुकूमनामा दाखवावा लागतो आणि तिथेच घोडे अडते. संमतीच्या अटींमध्ये फ्लॅट, दागिने, भांडी यांना दोन-दोन पाने, आणि मुलाला एक ओळ : 'ताबा आईकडे राहील, वडिलांना भेटता येईल.' सहीचा उल्लेखच नाही.

माझे मत विचाराल तर तिथे साध्या मराठीत लिहून घ्या : शाळा, दवाखाना, बँक आणि पासपोर्ट यांसाठी आईची एकटीची सही पुरेशी; मात्र शाळा बदलणे, शस्त्रक्रिया आणि परदेशी नेणे, या तीन गोष्टी आधी वडिलांना लेखी कळवायच्या. बापाचाही यात मान राहतो. शाळा बदलल्याचे त्याला रविवारी भेळ खाताना पोराकडून कळावे, हे बरे नव्हे. मुलाच्या नावावर जमीन किंवा घर असेल तर मात्र आई असो की बाप, कोर्टाच्या परवानगीशिवाय कुणीच विकू शकत नाही.

ज्यांचा हुकूमनामा आधीच झाला, त्यांनी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26खाली त्याच कोर्टात अर्ज करावा. मुलांविषयीचे आदेश नंतरही बदलून मिळतात. सोलापूरकरांना वर दाद मागायची वेळ आलीच, तर 18 ऑगस्ट 2025पासून मुंबई गाठावी लागत नाही. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आता कोल्हापुरात आहे.

ताईंनी हुकूमनाम्याची नक्कल वकिलांकडून पुन्हा एकदा वाचून घ्यावी. आणि पुढच्या रविवारी नक्की : भेटीच्या वेळा, उन्हाळ्याच्या सुट्टीसकट.